धावपट्टीचाही इतिहास सांगा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अंदमान सहलींच्या पत्रकात पहिल्या दिवसापुढे ठरलेली ओळ असते : 'विमानतळावर आगमन, हॉटेलकडे प्रयाण.' जानेवारीत ८१ वर्षांच्या आईला घेऊन ठाण्यातल्याच एका टूरबरोबर गेलो, तेव्हा त्या ओळीपलीकडे आमच्या टूरवाल्यांनी खरोखरच चकार शब्द काढला नाही. बसमध्ये आईनेच विचारलं, "तात्यारावांना इथेच उतरवलं होतं का रे?"

नाही. १९११ मध्ये सावरकरांना 'महाराजा' बोटीने नेलं, तेव्हा तिथे धावपट्टीच नव्हती. मार्च १९४२ मध्ये जपान्यांनी बेटं घेतली आणि स्थानिकांना वेठीस धरून पट्टी तयार करून घेतली. २९ डिसेंबर १९४३ ला नेताजी विमानाने उतरले ते याच बेटावर, आणि दुसऱ्याच दिवशी जिमखाना मैदानावर त्यांनी तिरंगा फडकवला. आज नौदलाचा 'उत्क्रोश' तळ आणि प्रवासी विमानं एकच धावपट्टी वापरतात. सावरकरांचं नाव विमानतळाला मिळालं २००२ मध्ये. ज्या शहरात तो आहे, ते पोर्ट ब्लेअर सप्टेंबर २०२४ पासून श्री विजयपुरम झालं. एवढं सगळं सांगायला बसमधली दहा मिनिटं पुरली असती. सेल्युलर जेलमध्ये तास-दोन तास घालवणाऱ्या माणसांना ते ऐकायला नक्कीच आवडलं असतं.

शंखशिंपल्याच्या आकाराच्या नव्या टर्मिनलचं उद्घाटन १८ जुलै २०२३ ला झालं. सुमारे ४०,८०० चौरस मीटर जागा, २८ चेक-इन काउंटर आणि वर्षाला ५० लाख प्रवाशांची क्षमता. छतातून दिवसभर नैसर्गिक उजेड येतो. परतताना त्या उजेडात, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेल्या आईने चष्मा न लावता बोर्डिंग पासवरचं स्वतःचं नाव मोठ्याने वाचून दाखवलं. मला ते फार बरं वाटलं. ज्येष्ठांना नेणाऱ्यांनी व्हीलचेअरची मागणी मात्र तिकीट काढतानाच नोंदवावी, आयत्या वेळी धावपळ होते.

अंदमानला मराठी माणूस सावरकरांच्या ओढीने जातो, नुसत्या समुद्रासाठी नाही. म्हणून ठाणे, डोंबिवली, नवी मुंबईतल्या टूरवाल्यांना विनंती आहे की पत्रकातली ती पहिली ओळ बदला, आणि बस सुरू होताच धावपट्टीची गोष्ट सांगायला घ्या.

– एक वाचक, नौपाडा, ठाणे (प.)