राज्यकवी हवा, राजकवी नको

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

एकतीस वर्षं मी माध्यमिक शाळेत मराठी शिकवलं. एका वर्षी आम्ही एका कवींना शाळेत बोलावलं होतं. त्यांची कविता मुलांच्या पुस्तकात होती. ते एसटीनं आले, स्टँडवरून चालतच शाळेत पोचले. कविता वाचून झाल्यावर मागच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला आणि म्हणाला, "सर, पुस्तकात तुमच्या नावापुढं कंसात एकच साल आहे. दुसरं का नाही?" वर्ग गप्प झाला. कवी उठून त्याच्या बाकाजवळ गेले, त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "अजून लिहितोय ना, म्हणून." कविता लिहिणारी माणसं सगळी केव्हाच गेलेली असतात, असंच त्या पोराला तोवर वाटत होतं. पुढच्या आठवड्यात त्यानं वहीच्या मागच्या पानावर आठ ओळी लिहून आणल्या. रात्री दोनला लाइट येते आणि वडील मोटर चालू करायला विहिरीवर जातात, त्यावर.

कवींचं जाण्यायेण्याचं भाडं आम्ही शिक्षकांनी वर्गणी काढून दिलं होतं. पुढच्या वर्षी वर्गणी जमली नाही.

गेल्या वर्षी लेकीकडे अमेरिकेत इलिनॉय राज्यात पाच महिने राहिले, तेव्हा हे सगळं पुन्हा डोळ्यांपुढं आलं. तिकडच्या बहुतेक राज्यांमध्ये 'पोएट लॉरिएट' हे पद असतं. मी त्याला राज्यकवी म्हणते. पहिला मान कॅलिफोर्नियाचा. १९१५ साली तिथं आयना कूलब्रिथ या कवयित्रीला तो मिळाला. त्याच कॅलिफोर्नियात अलीकडे डेना जिओया हे राज्यकवी असताना राज्यातल्या सगळ्या, म्हणजे ५८ काउंट्यांत जाऊन आले. काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखी. ५८ जिल्हे पालथे घालणारा कवी!

पण माझं मन गुंतलं ते ग्वेंडोलिन ब्रुक्स यांच्यात. शिकागोच्या दक्षिण भागात, कृष्णवर्णीयांच्या वस्तीत वाढलेली ही बाई. १९५० साली तिला कवितेसाठी पुलित्झर हे तिकडचं मानाचं पारितोषिक मिळालं. त्याआधी कुठल्याही कृष्णवर्णीय व्यक्तीला कुठलंच पुलित्झर मिळालेलं नव्हतं. १९६८ मध्ये ती इलिनॉयची राज्यकवी झाली आणि २००० साली जाईपर्यंत, तब्बल बत्तीस वर्षं, त्या पदावर राहिली. तिच्या आधी कार्ल सँडबर्गसारखा मोठा कवी तिथं होता. तिला नुसतं नाव मिरवून चाललं असतं. पण ती शाळांत गेली, तुरुंगांत गेली, इस्पितळांत गेली. राज्यातल्या शाळकरी मुलांसाठी तिनं कवितांची स्पर्धा सुरू केली आणि बक्षिसांचे पैसे स्वतःच्या पदरचे घातले. मुलांनी पाठवलेल्या कविता वर्षानुवर्षं वाचत बसणं किती जिकिरीचं असतं, हे साठ-साठ निबंधवह्या तपासलेल्या माझ्यासारख्या बाईला चांगलं ठाऊक आहे.

राजकवी आपल्याकडेही होते. भा. रा. तांबे ग्वाल्हेरचे, यशवंत बडोद्याचे. त्यांच्या कविता मी जीव लावून शिकवल्या. पण ते पद दरबाराचं होतं, संस्थानांबरोबर तेही गेलं. मला हवा आहे तो गावोगावच्या शाळांचा, ग्रंथालयांचा कवी.

सरकारनं नेमलेला कवी सरकारचे गोडवे गाणार, अशी शंका कुणीही घेईल. ती रास्त आहे. म्हणूनच न्यू जर्सीत काय झालं ते आपण नीट पाहायला हवं. तिथल्या एडिसन गावाच्या आसपास राहणारी कितीतरी मराठी कुटुंबं आपल्या नात्यागोत्यातली, त्यांच्याच राज्यातली ही गोष्ट. २००२ मध्ये अमिरी बराका तिथले राज्यकवी झाले. ११ सप्टेंबरच्या हल्ल्यावरची त्यांची एक दीर्घ कविता होती. हजारो इस्रायली कामगारांना त्या दिवशी घरीच थांबायला सांगितलं होतं, ही खोटी अफवा त्या कवितेतल्या ओळींत आली. ज्यूंच्या मनाला त्या लागणारच. माझ्या मते त्या ओळी चूकच होत्या. गव्हर्नरांनी राजीनामा मागितला, बराका ठाम राहिले. कवीला काढून टाकण्याची सोय कायद्यात नव्हती. मग विधिमंडळानं २००३ मध्ये पदच रद्द करून टाकलं! एका कवितेचा राग त्यानंतरच्या सगळ्या कवींवर आणि त्यांची वाट पाहू शकली असती अशा मुलांवर निघाला. त्याच राज्यातल्या नेवार्क शहराच्या शाळांनी मात्र त्याच बराकांना आपला कवी म्हणून नेमलं. कवितेवर टीका करा, कडाडून करा. पदाला हात लावू नका.

नॉर्थ कॅरोलिनात २०१४ मध्ये गव्हर्नरांनी निवडीची रूढ पद्धत बाजूला सारून परस्पर नेमणूक केली. इतका गदारोळ झाला, की आठवड्याच्या आत नव्या राज्यकवीला पायउतार व्हावं लागलं. त्यात त्या कवयित्रीचीही विनाकारण परवड झाली.

महाराष्ट्रानं हे पद निर्माण करावं, अशी माझी कळकळीची विनंती आहे. मुदत दोन वर्षांची असावी. निवड समितीत मराठीचे शिक्षक आणि ग्रंथपाल असावेत, मंत्री नसावेत. सरकारी समारंभासाठी कविता लिहिण्याची सक्ती नको. काय लिहिलं म्हणून मुदतीआधी काढता येणार नाही, हे लेखी हवं. मानधन थोडं असलं तरी चालेल, पण प्रवासखर्चाची तरतूद भरघोस हवी, कारण ३६ जिल्हे फिरायचे आहेत. आणि हा कवी नेहमी पुण्या-मुंबईचाच का असावा? अहिराणीत, मालवणीत, वऱ्हाडीत, गोंडीत, कोरकूत लिहिणाऱ्यांचाही त्यावर तितकाच हक्क आहे.

पहिल्या राज्यकवीची एसटी आमच्या तालुक्याच्या स्टँडवर कधी लागणार तेवढं कळवावं. शाळेच्या व्हरांड्यात सतरंजी घालायला मी आदल्या दिवशीच जाईन.

आपली नम्र,
एक निवृत्त मराठी शिक्षिका,
ता. खटाव, जि. सातारा