पहाटेच्या पादारीयातल्या मंडळींना, मनापासून

ऑफिसच्या कामासाठी ब्राझीलमधल्या साओ पावलोला गेले होते. ते शहर आपल्यापेक्षा साडेआठ तास मागे. तिथे पहाटेचे तीन म्हणजे पुण्यात साडेअकरा, आणि पोट पुण्याच्याच वेळेवर चालणारं! हॉटेलचा नाश्ता उशिरा. कोपऱ्यावरची पादारीया, म्हणजे बेकरी आणि कॅफे एकाच छताखाली, मात्र उजाडायच्या आत उघडायची.

सगळ्यात आधी आभार काउंटरवरच्या दादांचे. मी शाकाहारी आहे, हे फोनवर पोर्तुगीजमध्ये लिहून दाखवलं. त्यांनी काचेमागच्या खमंग दिसणाऱ्या कोशीन्या नावाच्या तळलेल्या पदार्थाकडे बोट केलं आणि दोन्ही कोपरं फडफडवली. आत कोंबडी! मग गरमागरम पाँव जी केजू पुढे सरकवले. चीज आणि कसाव्याच्या पिठाचे हे गोळे. आपला साबुदाणाही त्याच कंदाचा. उपवासाला चालतील का, ते आईलाच विचारा. पुढे त्यांना माझी ऑर्डर पाठच झाली: लोणी लावून तव्यावर दाबून भाजलेला पाव आणि ग्लासभर पिंगादो, दुधात नावाला कॉफी.

खाल्लेलं सगळं एका कार्डावर नोंदवतात, पैसे बाहेर पडताना गल्ल्यावर. माझं खाली पडलेलं कार्ड शोधून देणाऱ्या आजी, तुमचेही आभार. आणि टेबलावर डोकं टेकून मी पेंगत असताना माझ्याभोवतीनं गुपचूप फरशी पुसून गेलेल्या भाऊ, तुम्हाला मुईतू ओब्रिगादा! नऊच्या मीटिंगला मी चक्क जागी होते.