अल्पदृष्टी वाचकांच्या संगणक कक्षासाठी मदतीचे आवाहन

सस्नेह नमस्कार.

आमच्या सार्वजनिक वाचनालयाच्या संगणक कक्षात अल्पदृष्टी असलेल्या वाचकांसाठी स्वतंत्र जागा तयार करण्याचे कार्यकारी समितीने ठरवले असून, त्या कामी आपले साहाय्य मिळावे यासाठी हे निवेदन करीत आहोत. काचबिंदू, मधुमेहामुळे दृष्टिपटलाला झालेली इजा, उतारवयात दृष्टिपटलाच्या मध्यभागाची होणारी झीज अशा कारणांनी ज्यांची नजर चष्मा लावूनही पुरेशी सुधारत नाही, परंतु ज्यांना पूर्णपणे अंध म्हणता येत नाही, अशा वाचकांविषयी आम्ही बोलत आहोत. ते एकटे ये-जा करतात, त्यामुळे त्यांना संगणकही दिसत असेलच, असे इतरांना वाटते. प्रत्यक्षात नाक पडद्याला टेकेपर्यंत वाकून त्यांना अर्ज भरावे लागतात आणि डोळ्यांआधी मान थकते.

मदतीचा विषय निघाला की प्रथम महागड्या सॉफ्टवेअरचे नाव पुढे येते. त्याची गरज बहुतेकांना नसते. विंडोज असलेल्या संगणकावर विंडोजची कळ आणि अधिक चिन्हाची कळ एकत्र दाबली की मॅग्निफायर सुरू होतो आणि तो मजकूर १६ पटींपर्यंत मोठा करू शकतो. मॅकमध्ये आणि लिनक्सच्या प्रचलित प्रणालींमध्येही अशी सोय मुळातच असते. अडचण आहे ती मोठे केल्यावर काय होते याची. मजकूर ४ पट मोठा केला की पडद्याचा केवळ सोळावा भाग एका वेळी दिसतो, उरलेले पंधरा भाग दृष्टीआड जातात, आणि एक ओळ वाचण्यासाठी माउस उजवीकडे नेऊन पुन्हा पुढच्या ओळीच्या आरंभाशी आणावा लागतो. अर्जाच्या डाव्या टोकाला रकान्याचे नाव आणि उजव्या टोकाला भरायची चौकट असेल, तर दोन्ही एकत्र कधीच दिसत नाहीत.

यावर साधा उपाय आहे. १४ इंची लॅपटॉपवर जेवढे मावते तेवढेच, त्याच मांडणीत, २८ इंची पडद्यावर दाखवले तर अक्षर दुप्पट होते. तोच पडदा ६० सेंटिमीटरऐवजी ३० सेंटिमीटरवर आणला तर डोळ्याला ते आणखी दुप्पट दिसते. म्हणजे पडद्याचा एकही भाग न लपवता चारपट. (इतक्या जवळून पाहताना अनेकांना, विशेषतः वयस्करांना, त्या अंतराचा चष्मा लागतो; तो नेत्रतज्ज्ञांनीच ठरवावा.) म्हणून आमची पहिली मागणी आहे ती २४ इंचांहून मोठ्या, चालू स्थितीतील मॉनिटरची आणि तो पुढे-मागे सरकवता येईल अशा, टेबलाला घट्ट बसणाऱ्या आर्मची, म्हणजे मॉनिटर धरून ठेवणाऱ्या दांड्याची. मॉनिटरच्या पाठीवर स्क्रूसाठी चौरसाकार चार छिद्रे असावीत, कारण त्यांवाचून आर्म बसत नाही. पडदा चकचकीत नसावा, कारण खिडकीचे आणि दिव्याचे प्रतिबिंब अल्पदृष्टी व्यक्तीला फार त्रास देते. लहान मॉनिटर आणि अगदी जुने, संथ संगणक आम्ही स्वीकारणार नाही. स्पष्टपणाबद्दल क्षमस्व, परंतु मोठी केलेली प्रतिमा माउसच्या मागे अडखळत सरकू लागली की वाचणारा काही मिनिटांतच कंटाळून उठतो.

दुसरी मागणी आपल्या वेळेची आहे आणि समितीच्या मते ती वस्तूंपेक्षा मोलाची आहे. एकाची मांडणी दुसऱ्याला चालत नाही. ज्यांची मधली नजर गेली आहे त्यांना मोठे अक्षर उपयोगी पडते. ज्यांना नळीतून पाहिल्यासारखे फक्त मधलेच दिसते त्यांच्या नजरेत मोठे अक्षर मावत नाही आणि बरेचदा अक्षर लहानच ठेवून ठळकपणा वाढवणे त्यांना सोयीचे जाते. प्रकाशाचा त्रास होणाऱ्यांना काळ्या पार्श्वभूमीवर पांढरी अक्षरे हवी असतात. देवनागरीत आणखी एक पेच आहे: प्रतिमा ताणून मोठी केली की कडा धूसर होतात आणि अनुस्वार, रफार, ऱ्हस्व-दीर्घ उकार एकमेकांत मिसळतात, अशा वेळी मॅग्निफायरपेक्षा मुळातला टंक (फॉन्ट) मोठा आणि जाड करणे हिताचे असते. मोठा केलेला भाग माउसबरोबर सरकावा की टंकन चालू आहे तेथे राहावा, हेही प्रत्येकाला वापरून पाहूनच ठरवावे लागते. हे सारे एका बैठकीत होत नाही, म्हणून सबुरीने शेजारी बसणारे स्वयंसेवक हवेत. स्वतः अल्पदृष्टी असून संगणक सराईतपणे वापरणाऱ्यांनी अवश्य पुढे यावे. त्यांच्याइतके चांगले कोणी शिकवू शकणार नाही. इतरांना एकच अट आहे: शिकणाऱ्याच्या हातातला माउस काढून घेऊ नये.

रोख देणगीची गरज त्यामानाने मर्यादित आहे. काहींना थोडे वाचून उरलेले ऐकावे लागते. त्यांच्यासाठी मॅग्निफायरच्या जोडीला एनव्हीडीए हा विनामूल्य स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारे सॉफ्टवेअर, आम्ही आधी वापरून पाहू. तरीही भागले नाही, तरच मजकूर मोठा करणे आणि वाचून दाखवणे या दोन्ही सोयी एकत्र देणाऱ्या झूमटेक्स्ट किंवा सुपरनोव्हासारख्या सॉफ्टवेअरचा परवाना घेतला जाईल. देणगीची पावती दिली जाईल आणि खर्चाचा हिशेब सूचनाफलकावर लावला जाईल.

वस्तू वाचनालयाच्या कार्यालयीन वेळेत आणून द्याव्यात. मोठा मॉनिटर आणणे शक्य नसल्यास तसे कळवावे, आमचे कार्यकर्ते येऊन नेतील. मॉनिटरबरोबर त्याच्या केबल न विसरता द्याव्यात. ज्या वाचकांना ही जागा वापरायची आहे त्यांनीही आपली नावे आताच नोंदवावीत, म्हणजे त्यांच्या गरजेप्रमाणे मांडणी करता येईल.

आपले विनीत,
कार्यकारी समिती