चादर शिवतोय म्हणजे हाल चाललेत असं नाही

आई, अण्णा, नमस्कार.

पैशांची काही अडचण नाहीये. हे आधी लिहून टाकतो म्हणजे पुढचं शांतपणे वाचाल. परवा व्हिडिओ कॉलवर मागे शिलाई मशीन दिसलं, मी म्हणालो चादर शिवतोय, तर आईचा चेहरा एवढासा झाला आणि अण्णांनी काही न बोलता फोन मनूच्या हातात दिला. दुसऱ्या दिवशी मामाचा मेसेज, "काय रे, नोकरी आहे ना?" मामापर्यंत कसं पोचलं ते मी विचारत नाही.

इथे जर्मनीत नोकरी आहे. पगार वेळेवर होतो. जेवतो, झोपतो, थंडीचे कपडे भरपूर आहेत, स्वेटरचा विषय या पत्रात नाही. फोनवर हे सगळं नीट बोलता येत नाही, मधेच तिकडे लाईट जाते नाहीतर कोणीतरी बसायला येतं, म्हणून लिहितोय. मनू, दोघांना वाचून दाखव, पण तुझ्यासाठी लिहिलेला भाग आधी तू एकटीने वाच.

आता काकूंची शंका. पोरगा एकटा राहतो तर डबल बेड कशाला आणि त्यावर दोन गाद्या कशाला, असं त्या म्हणाल्या म्हणे. पलंग मी घेतलेला नाही, खोलीबरोबर आलाय, आधीचं जोडपं सोडून गेलं. आणि दोन गाद्या ही इथली रीतच आहे, ती मलाही पहिल्यांदा कळली नव्हती. नवरा-बायकोचा पलंग एकच, १८० सेंटीमीटर रुंद, पण त्यात ९० बाय २०० च्या दोन गाद्या शेजारी शेजारी. खाली प्लायवूड नसतं, लाकडी पट्ट्यांची जाळी असते, तीसुद्धा दोघांची वेगळी. मला वाटलं मोठी गादी जिन्यातून वर चढत नसेल म्हणून असेल. तसं नाही. यांचं म्हणणं असं की दोघांचं वजन वेगळं, पाठ वेगळी, मग गादी एक कशी चालेल? गाद्यांना कडकपणाचे नंबर असतात, एच-२, एच-३ असे, बायको दोनवर झोपणार, नवरा तीनवर, आणि एकाने कूस बदलली की दुसऱ्याची झोप मोडायला नको. पांघरूणही प्रत्येकाचं वेगळं, १३५ बाय २०० चं. भांडण झालंय म्हणून नाही हं, चाळीस वर्षं गुण्यागोविंदाने संसार केलेली माणसंही अशीच झोपतात. मधे फट राहते, तिच्यात मोबाईल जातो, चष्मा जातो, आणि लहान पोर मधे झोपवलं की ते बरोबर फटीत. मग ती फट बुजवायला टी आकाराची फोमची पट्टी विकत मिळते, म्हणजे आधी पैसे देऊन फट आणायची आणि परत पैसे देऊन बुजवायची. ऑफिसमधल्या एकाला विचारलं, सरळ एक मोठी गादी का नाही घेत तुम्ही, तर तो माझ्याकडे असा बघायला लागला की जणू मी दोघांत मिळून एक टूथब्रश वापरा म्हणालो. एक गादी घेणारेही आहेत, नाही असं नाही, पण ते आम्ही एकच गादी घेतली असं आवर्जून सांगतात.

तर काकूंना एवढंच सांगा की दुसऱ्या गादीवर धुतलेले कपडे आणि लॅपटॉप झोपतात.

अशा दोन गाद्यांवर आपली एक मोठी डबलची चादर टाकली तर ती मधल्या फटीत बसते आणि सकाळपर्यंत पायाशी गोळा होते. म्हणून इथे सगळे इलॅस्टिकवाली फिटेड चादर घालतात, प्रत्येक गादीला आपली आपली. दुकानात त्यांचा ढीग असतो, पंधरा-वीस युरोला एक, ते मला परवडतं आई. पण बहुतेक चादरी जर्सीच्या, म्हणजे आपल्या बनियनचं होजिअरी कापड. ताणलं जातं म्हणून एकच चादर ९० च्या गादीलाही बसते आणि १०० च्याही, दुकानदाराची सोय. मला ते अंगाखाली लिबलिबीत लागतं, आणि धुऊन धुऊन त्यावर बारीक गोळे येतात. विणलेल्या सुती कापडाचीही मिळते, शोधली तर. पण अण्णांच्या मागावरचं कापड माझ्या कपाटात पडून असताना मी विकतची चादर कशाला आणू? ते सहा मीटर पांढरं कँब्रिक तुम्ही गेल्या वर्षी पाठवलंत ना, ते मी कोणाला दिलं नव्हतं, आई विचारत होतीस म्हणून सांगतो.

माप लिहितो आई, तू तपासून बघ. कापड पाण्यातून काढल्याशिवाय कात्री लावायची नाही हे तुझं वाक्य पाठ आहे. इथे चादरी ६० डिग्रीच्या गरम पाण्यात धुतात, म्हणून मीही पहिल्यांदा ६० लाच धुतलं, काय आटायचं ते आत्ताच आटू दे. ६३ पन्हा म्हणजे १६० सेंटीमीटर, वाळल्यावर १५५ भरला. मला हवे होते १५४. बघ कसं बसलं! गादी ९० रुंद, जाडी २०, गादीखाली वळवायला ९ आणि नेफ्याला ३, म्हणजे दोन्ही बाजूंना ३२-३२, झाले १५४. लांबीला त्याच हिशोबाने २६४. मग चारी कोपऱ्यांतून ३१ चा चौकोन कापून काढायचा, ३२ चा नाही, एक सेंटीमीटर शिलाईच्या दाबाला सोडायचा. कापलेल्या दोन कडा एकमेकींना जोडल्या की कोपरा डब्याच्या झाकणासारखा उभा राहतो. तिथे मी तुझी परकराची बंद शिलाई घातलीय, आधी सुलट बाजूने बारीक टीप, मग कापड उलटवून दुसरी, त्यामुळे दोरे आत राहतात आणि मशीनमध्ये धुताना सुटत नाहीत. लांबीच्या बाजूला मागावरची किनारच आहे, तिथे नेफ्याला एकच दुमड पुरली. खालचा घेर ५८० होतो आणि इलॅस्टिक चारच मीटर, सेफ्टी पिनने ओवलं, आणि चारी कोपऱ्यांवर आडवी टीप मारून पक्कं केलं, नाहीतर सगळ्या चुण्या एकाच बाजूला जाऊन बसतात आणि उरलेल्या तीन बाजू सपाट. गादीवर चढवताना समोरासमोरचे दोन कोपरे तिरके आधी घालायचे, मग उरलेले. चौथा कोपरा बसताना जरा गादी वाकवावी लागते पण एकदा बसला की हलत नाही, मी रात्रभर लोळतो तरी हलत नाही.

त्या चौकोनांची फडकी केलीत. एक पोळ्यांच्या डब्यात, बाकीची अशीच.

मशीन इथल्या एका आजींकडून जुनं घेतलंय, वेरिटास कंपनीचं. जर्मनीचे दोन तुकडे होते तेव्हा पूर्वेकडच्या अर्ध्यात घरोघरी हेच मशीन असायचं, विटेनबर्गे नावाच्या गावात बनायचं, आणि तो कारखाना मुळात सिंगरनेच सुरू केलेला. आता बंद पडलाय पण मशीन सगळं लोखंडी, एका हाताने उचलत नाही. आजींनी तेलाची बाटली आणि बॉबिनचा डबाही दिला आणि मला सुईत दोरा ओवायला लावला, येतो का ते बघायला. तुझ्या मेरिट मशीनवर शाळेत असताना फॉल लावून दिलेत मी, हे त्यांना कोणत्या भाषेत सांगणार, ओवून दाखवला. तुझ्यासारखं पायडल मारायचं नाही, करंटवर चालतं. फक्त रविवारी चालवता येत नाही, रविवारी कोणी आवाज करायचा नाही असा इथे नियमच आहे, आणि रात्री दहानंतरही नाही. आपल्याकडे रात्रपाळीचे माग खडखडत असायचे आणि आपण ढाराढूर झोपायचो, इथे चिडीचूप असतं म्हणून पहिले काही महिने झोप लागायची नाही. आता लागते.

अण्णा, हे तुमच्यासाठी. आपल्या इचलकरंजीला महाराष्ट्राचं मँचेस्टर म्हणतात तसं मी राहतो त्या केमनित्सला एकेकाळी सॅक्सनीचं, म्हणजे इथल्या राज्याचं, मँचेस्टर म्हणायचे. मला इथे येईपर्यंत माहीत नव्हतं. लुई श्योनहेर म्हणून एक माणूस होऊन गेला, दीडशे वर्षांपूर्वी तो इथे यंत्रमाग बनवायचा, त्याच्या कारखान्याची विटांची इमारत अजून उभी आहे. त्यात आता ऑफिसं आहेत, कार्यक्रम होतात. इथल्या उद्योगांच्या म्युझियममध्ये जुने माग ठेवलेत, मी एका मागापाशी बराच वेळ उभा होतो, धोटा कुठून येतो, कुठे जातो ते बघून मला माग दुरुस्त करणारा जॉबर बोलवायची वेळ कधी येते तेसुद्धा सांगता आलं असतं. देश एक झाल्यावर इथल्या बहुतेक गिरण्या बंद पडल्या, थोड्या वर्षांत हजारो लोकांचं काम गेलं. ज्यांनी वेळेत दुसरं काही धरलं ते टिकले असं इथले लोक सांगतात, पण ते सांगणारे टिकलेलेच असतात.

हे सगळं लिहायचं कारण, मनू म्हणाली तुम्ही चारपैकी दोन साधे माग भंगारवाल्याला दाखवलेत. अण्णा, विकायचे असतील तर मी आडवा येणार नाही. सूत देऊन कापड विणून घेणाऱ्या खर्चीवाल्याची मजुरी, विजेचं बिल, कांड्या भरायला बाई मिळत नाही, हे मला दिसतं, मी परदेशात असलो तरी आंधळा नाहीये. पण मनूच्या लग्नासाठी म्हणून घाईत किलोच्या भावाने देऊ नका. माझ्या शिक्षणाला कर्ज काढलं तेव्हाही तुम्ही तोंडातून शब्द काढला नव्हता आणि शेडचे कागद बँकेत गेलेत हे मला नंतर कळलं. त्या कर्जाचा हप्ता आता माझ्या खात्यातून जातोय, असंच चाललं तर पुढच्या वर्षाअखेर संपेल, कागद घरी येतील, मग काय ते ठरवा. कार्यालयाचा ॲडव्हान्स आणि मनूच्या पाटल्यांचे पैसे मी पाठवतोय, आज ट्रान्स्फर टाकलाय, दोन-तीन दिवसांत जमा होईल. परत पाठवू नका. मागच्या वेळी आईने राहू दे राहू दे करत माझ्याच नावाने एफडी केली, ती मोडा.

मनू, आता तुझं. साखरपुड्याला मला येता येणार नाहीये. सहा महिन्यांचा प्रोबेशन काळ आहे आणि तेवढ्यात पूर्ण वर्षाची रजा हक्काने मिळत नाही, महिन्याला बारावा हिस्सा जमा होतो. साहेबांकडे मागितली असती तर आठवड्याची मिळाली असती, तेही खरं आहे, तुझ्याशी खोटं कशाला बोलू. पण मग मे महिन्यात लग्नाला तीन आठवडे आलो नसतो, आणि डिसेंबरचं तिकीट बघितलंस तर तूच नको म्हणशील. मी हिशोब केला. हिशोब बरोबर आहे. तरी पाट मांडताना माझ्या जागी आत्याच्या संतोषला बसवा आणि फोन कोणाच्या तरी हातात द्या, नुसता टेबलावर टेकवून ठेवू नका, मला नेहमी छत दिसतं.

तुझ्या संसाराला दोन चादरी शिवून आणतो. तुमच्या पलंगाचं माप पाठव, लांबी, रुंदी आणि जाडी, जाडी विसरू नकोस.

आई, जयसिंगपूरच्या स्थळाचं मी टाळतोय असं तुला वाटतं, तसं नाही. मुलीशी फोनवर बोललोय, चांगली वाटली, तिनेच सरळ विचारलं की तिकडे एकटीने दिवस काढायला जमेल का मला. मी म्हणालो पहिला हिवाळा जड जातो. तुला वाटेल असं का सांगितलं, पण लग्नानंतर कळण्यापेक्षा आधी कळलेलं बरं. तिच्या घरच्यांना पगाराचा आकडा फुगवून सांगू नका, भाडं आणि टॅक्स वजा करून सांगा. मी दोन वर्षांत परत येणार असंही सांगू नका, ते माझं मलाच माहीत नाही. आणि चादरी शिवतो हे मामाने बायोडाटात घालायच्या आधी मला दाखवा.

अण्णांच्या गुडघ्याचा एक्स-रे काढला का ते कोणीच सांगत नाहीये. काढला असेल तर फोटो पाठवा, नसेल तर याच पैशातून काढा. आणि मनू, मागाचं तेवढं तूच अण्णांना समजावून सांग, फोनवर मी काही म्हणालो की ते हो हो म्हणतात आणि आपलंच करतात. घरी असतो तर शेडमध्ये जाऊन भंगारवाल्याशी मीच बोललो असतो.

तुमचा,
अमोल