पेटीवाल्यांकडून जाहिरातवाल्या दादांना

प्रिय दादा,
सप्रेम नमस्कार.

हार्मोनियमचे सुटे भाग आणि दुरुस्ती यांवरचं आमचं संकेतस्थळ ओस पडत चाललं होतं. तुम्ही नौपाड्यात येऊन, एक पैसाही न घेता, गूगल ॲड्सचं खातं मांडून दिलंत. त्याबद्दल मनापासून आभार. पत्र जाहीर लिहितोय, कारण तुमचं सांगणं ठाण्या-वाशीतल्या इतर छोट्या दुकानदारांच्याही कामाचं आहे.

पहिल्या दिवशी तुम्ही जाहिरातीला हातच लावला नाहीत. सर्च कन्सोल या गूगलच्या फुकट साधनातले १६ महिन्यांचे आकडे उघडलेत आणि दोन गोष्टी वेगळ्या करून दाखवल्यात. शोधनिकालांतला आपला क्रमांक टिकून आहे पण तिथे दिसण्याचे आकडे घटले, तर लोकांचं शोधणंच कमी झालंय. क्रमांक घसरला, तर दोष आपल्या पानांत. जाहिरातीला पैसे भरल्याने फुकटच्या निकालांतला क्रमांक वर जात नाही, हेही तुम्ही तेव्हाच स्पष्ट सांगितलंत.

मग शब्द. इथे तुमचा खरा हातखंडा दिसला. ‘पेटी’ हा शब्द मोकळा, म्हणजे जवळपासच्या कुठल्याही शोधाशी जुळणाऱ्या ‘ब्रॉड मॅच’मध्ये सोडला, तर एप्रिल-मेमध्ये आंब्याच्या पेट्या शोधणारे येणार. शिवाय दानपेटी, मतपेटी आहेतच. ‘स्वर’ टाकला की स्वर-व्यंजनांचा अभ्यास करणारी मुलं येणार. ‘दुरुस्ती’वर सातबारा दुरुस्ती आणि आधारवरच्या नावाची दुरुस्ती येणार. म्हणून ‘पेटी दुरुस्ती’, ‘हार्मोनियम भाता’ असे जोडशब्दच घेतले, तेही अवतरणचिन्हांत किंवा चौकोनी कंसात, म्हणजे जुळणी मोकळी न राहता घट्ट होते. नकारात्मक शब्दांची, म्हणजे ज्या शोधांवर जाहिरात दिसू नये त्यांची यादी तर मराठीसाठी वेगळ्याच काळजीने करावी लागते. ते शब्द स्वतःहून रूप बदलत नाहीत. ‘आंबा’ वगळला म्हणून ‘आंबे’ आणि ‘आंब्याची’ वगळले जात नाहीत. प्रत्येक रूप वेगळं लिहायचं आणि रोमन लिपीतलंही घालायचं. नोटेशन, क्लास, ॲप, फ्री हे शब्दही त्याच यादीत.

मथळ्याला ३० अक्षरांची मर्यादा, वर्णनाला ९०. ‘हार्मोनियम’ डोळ्यांना पाच अक्षरांचा दिसतो, पण युनिकोडमध्ये काना, मात्रा, वेलांटी, हलन्त वेगवेगळे असल्याने त्याच्या दहा जागा होतात. एका शब्दात तिसरा हिस्सा संपला! ‘पेटी’ चारच जागांत बसते. जाहिरातीत १५ मथळे देता येतात आणि एका वेळी जास्तीत जास्त तीन दिसतात. त्यामुळे प्रत्येक मथळा एकटा वाचला तरी अर्थ लागला पाहिजे.

आधीपासून ठरवून ठेवलेल्या सेटिंगमध्ये पैसे कसे झिरपतात, तेही तुम्ही बोट ठेवून दाखवलंत. डिस्प्ले नेटवर्क (इतर संकेतस्थळांवरच्या जाहिराती) आणि सर्च पार्टनर्स (गूगलबाहेरची शोधाची ठिकाणं) यांवरच्या खुणा काढल्या. ठिकाणात ‘इथे असलेले किंवा इथे रस असलेले’ याऐवजी फक्त इथे असलेले लोक निवडले. पेटी घेऊन कोणी नागपूरहून येणार नाही, त्यामुळे दुरुस्तीची जाहिरात ठाणे, नवी मुंबई आणि कल्याण-डोंबिवलीपुरती. टपालाने जाणाऱ्या रीड (सूर देणाऱ्या धातूच्या जिभा) आणि बोटांनी दाबायच्या पट्ट्या यांची मोहीम वेगळी. वेळ सकाळी १० ते रात्री ८, म्हणजे फोन उचलायला माणूस असतो तेवढीच.

पैशाचं गणितही कागदावर मांडलंत. रोजचे १५० रुपये ठरवले, तरी एखाद्या दिवशी दुप्पट, म्हणजे ३०० रुपयांपर्यंत जाऊ शकतात. महिन्याची मर्यादा मात्र ३०.४ पट, म्हणजे ४,५६० रुपये. त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे खिशातून साधारण ५,३८१. एका दुरुस्तीत ६०० रुपये सुटतात आणि वीस क्लिकांमागे एक काम येतं असं धरलं, तर ३० रुपयांची क्लिक ना नफा ना तोटा. म्हणून एका क्लिकमागची कमाल बोली १५ रुपये. फोनच्या बटणावरच्या टिचक्या मोजल्या जात नसतील तर हे गणित कधीच तपासता येत नाही, म्हणून ती मोजणी तुम्ही जाहिरात सुरू होण्याआधी बसवलीत. गूगलच्या सुचवण्या आपोआप लागू होण्याची सोय बंद केलीत, तेही बरं झालं. नाहीतर काढलेले मोकळे शब्द गुपचूप परत येतात.

सगळ्यात मोठं ऋण शोधशब्दांच्या अहवालाचं. लोक काय टाइप करून आले, हे तो दाखवतो; फार थोड्यांनी शोधलेले शब्द मात्र त्यात येत नाहीत. दर सोमवारी तो वाचायचा, नको ते शब्द वगळायचे आणि कामाच्या शब्दांवर पान आहे का ते पाहायचं, हा नेम तुम्ही घालून दिलात. ‘पेटीचा भाता हवा सोडतो’ यावर आपल्याकडे पानच नव्हतं. आता लिहून झालंय: सगळे स्टॉपर (हवेची वाट उघडणारे-बंद करणारे खुंटे) बंद करून भाता भरायचा, तरी हवा झरझर उतरली तर गळती बहुधा भात्याच्या घडीत, बंद असताना टिकली आणि उघडल्यावर उतरली तर पट्ट्यांखाली. प्रत्येक पायरीचा फोटो आहे, मोबाइलवर पटकन उघडावं म्हणून लहान केलेला, आणि फोन नंबर सगळ्यात वर. गणपतीआधी भजनी मंडळांच्या पेट्या दुरुस्तीला निघतात, त्याच्या आत ते प्रसिद्ध करायचंय. तुम्ही एकदा नजरेखालून घालाल ना?

आपले,
पेटीवाले
नौपाडा, ठाणे