पाजणीच्या आधी लेंड्या तपासून घे

निपाणी
भाद्रपद

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. दोन मेंढ्या गेल्या, त्यातली एक गाभण, हे वाचून जिवाला लागलं. आप्पांनी राखलेल्या खांडातली, म्हणजे कळपातली, ती जुन्या वळणाची होती, म्हणजे नुकसान नुसतं पैशाचं नाही, हे मला कळतं. पण पुढं तू लिहिलंस की, ‘पितर संपायच्या आत सगळ्या खांडाला सरसकट जंताचं औषध पाजतो आणि मोकळा होतो.’ तिथं मात्र मी अडलो. औषध पाजूच नकोस असं माझं म्हणणं नाही. आधी लेंड्या तपासून घे, मग कुणाला पाजायचं, काय पाजायचं ते ठरव, एवढंच मागणं आहे.

त्या दोघींच्या जबड्याखाली पाण्याची पिशवी लोंबत होती आणि लेंडी मात्र शेवटपर्यंत कडक, गोल होती, असं तू लिहिलंयस. शेजारी म्हणतात, हगवण नाही म्हणजे हे जंताचं नव्हे. गड्या, इथंच लोकांची फसगत होते. आपल्याकडं पावसाळ्यात मेंढरं मारणारा जो मुख्य जंत, हिमॉन्कस, तो हगवण लावतोच असं नाही. तो पोटाच्या चौथ्या कप्प्यात चिकटून रक्त पितो. मादी लाल-पांढऱ्या पिळाच्या दोऱ्यासारखी दिसते, लांबी दोन-तीन सेंटिमीटर. एक जंत दिवसाला साधारण थेंबभर रक्त खातो. म्हणजे हजार जंत असले तर रोजचं ५० मिलिलिटर गेलं, आणि ३० किलोच्या मेंढीच्या अंगात सगळं मिळून रक्त दोन लिटरच्या आसपास. रक्त पातळ झालं की गळ्याखाली पाणी उतरतं. उलट पहिल्या पावसाच्या कोवळ्या गवतानं लेंडी पातळ होते, तिथं जंताचा संबंध नसतोही. रोडावलेल्या मेंढीचे दात झिजलेले असतात, चारा कमी पडलेला असतो. नुसतं बघून औषध ठरवलं तर दोन्हीकडं चुकतं.

या जंताची एक मादी दिवसाला पाच ते दहा हजार अंडी घालते. ओल आणि ऊब असली की आठवडाभरात त्या अंड्यांतून बाहेर पडलेल्या अळ्या गवताच्या बुडख्यावर चढून बसतात. मेंढरानं गवत खाल्लं की तीन आठवड्यांत त्या पोटात मोठ्या होऊन अंडी घालू लागतात. म्हणून आपली जुनी माणसं पावसाचा पट्टा टाळून मेंढरं पूर्वेच्या कोरड्या माळाला न्यायची, त्यात मोठा अर्थ होता. तू आता घटप्रभेच्या कालव्याकाठी त्याच त्या ओल्या बांधावर चारतोस, तिथं हे चक्र थांबतच नाही.

आता नमुना कसा घ्यायचा ते सांगतो. सकाळी वाघरीतून, म्हणजे जाळीच्या कुंपणातून, मेंढरं सोडायच्या आधी घे. जमिनीवरची लेंडी उचलू नकोस. ती कुणाची ते कळत नाही, आणि मातीतल्या किड्यांची अंडी त्यात मिसळतात. हातमोजा घालून, बोटाला जरा तेल लावून गुदद्वारातूनच पाच-सहा लेंड्या काढायच्या. मोठ्या मेंढ्यांतल्या निदान दहांचा नमुना घे, आणि त्यात खंगलेल्याच नकोत, धडधाकटही हव्यात. कोकरांचा नमुना वेगळा ठेव. प्रत्येकीची पिशवी वेगळी, हवा दाबून काढलेली, वर खुणेचा आकडा. पिशव्या गार जागी ठेव, पण बर्फाच्या कप्प्यात घालू नकोस, आणि त्याच दिवशी पोचव. उन्हात राहिल्या तर अंडी फुटतात आणि मोजणी खोटी पडते.

दवाखान्यात ४ ग्रॅम लेंडी ५६ मिलिलिटर मिठाच्या संपृक्त पाण्यात घोटून गाळतात. अंडी हलकी, ती वर तरंगतात. मग दोन घरांच्या खास काचपट्टीवर सूक्ष्मदर्शकाखाली मोजतात. दोन्ही घरांत मिळून ३० अंडी दिसली तर ५० नं गुणायचं, म्हणजे ग्रॅमला १५००. कागदावर ‘ईपीजी’ म्हणून जो आकडा येईल तो हाच. कागद कानडीत आला तर मला पाठव, मी वाचून सांगेन. तुमच्या दवाखान्यात ही सोय नसेल तर नमुना पुढं कुठं पाठवायचा ते डॉक्टरांनाच विचार.

ग्रॅमला दोन-तीनशे अंडी दिसली म्हणून घाबरायचं कारण नाही. धडधाकट मेंढी तेवढं सोसते. हजार-दोन हजारांच्या वर आकडा गेला आणि मेंढी फिकीही आहे, तर तिथं औषध लागतंच. सगळ्यांना एकच आकडा लागू करता येत नाही. वय, अंगातलं मांस, वेत, सगळं बघूनच डॉक्टर सांगतात. शिवाय पोटातले जंत अजून लहान असले तर ते रक्त पितात पण अंडी घालत नाहीत, तेव्हा लेंडीत काहीच दिसत नाही. म्हणून डोळाही बघायचाच. दिवसाच्या उजेडात खालची पापणी हलकेच ओढून आतला रंग बघ. लालबुंद असला तर ठीक, फिका गुलाबी असला तर लक्ष ठेव, पांढरट असला तर त्याच दिवशी औषध दे. दक्षिण आफ्रिकेत यासाठी पाच रंगांचा तक्ता काढला, त्याला फामाचा म्हणतात. डॉक्टरांकडून तो बघून घे. डोळे धुळीनं आलेले असतील तर मात्र रंग फसवतो.

तू म्हणशील, एवढा उटारेटा कशाला? बाटली स्वस्त आहे, सगळ्यांना पाजली तर बिघडतं काय? बिघडतं, आणि भरून येत नाही. कळपातले बहुतेक जंत थोड्याच मेंढरांच्या पोटात असतात, बाकीची मेंढरं जंतांना दाबून धरतात. सगळ्यांना पाजलंस की औषधाला दाद न देणारे तेवढे जंत मागं उरतात, आणि पुढं माळावर त्यांचीच अंडी पडतात. काही मेंढ्या बिनऔषधाच्या ठेवल्या तर औषधाला मरणारे साधे जंतही माळावर शिल्लक राहतात, आणि त्या चिवटांचं राज्य होत नाही. थायबेंडाझोल हे औषध १९६१ साली बाजारात आलं आणि १९६४ साली त्याला न जुमानणारा हिमॉन्कस नोंदला गेला. अल्बेंडाझोल हे औषधही त्याच घराण्यातलं. नवी औषधं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी आहेत, आणि आपल्या पोरांना याच माळावर मेंढरं राखायची आहेत.

म्हणून पाजल्यावर दहा ते चौदा दिवसांनी त्याच मेंढ्यांच्या लेंड्या पुन्हा तपास. औषध चालतंय म्हणायचं तर अंडी निदान ९५ टक्के कमी झाली पाहिजेत. ही दुसरी तपासणी कुणी करत नाही, आणि मला तर तीच जास्त महत्त्वाची वाटते.

मात्रा अंदाजानं देऊ नकोस. मेंढ्या काट्यावर घाल. काटा नसेल तर गटातल्या सगळ्यांत जड मेंढीच्या वजनानं मात्रा ठरव, पण कोकरांचा गट वेगळा. कमी मात्रा म्हणजे जंतांना तालीम. आणि क्लोझँटेल हे जंताचं औषध वाटेल तसं वाढवू नकोस, जास्त झालं तर मेंढी आंधळी होते. नुकत्या गाभण राहिलेल्यांना अल्बेंडाझोल नको, गर्भाला धोका असतो. व्यायच्या सुमाराच्या मेंढ्या आणि दूध तुटलेली कोकरं यांना आधी तपास, जंत त्यांच्यातच उसळतात.

आणखी एक, तुझ्या कालव्यामुळं सांगतो. गोगलगायींतून येणारा यकृतातला चपटा जंत असेल, तर त्याची अंडी जड असतात, मिठाच्या पाण्यात नीट वर येत नाहीत. कालव्याकाठी चारतो असं डॉक्टरांना मुद्दाम सांग, म्हणजे ते तळाला बसणारा गाळ वेगळा तपासतील. गळ्याखालचं पाणी त्यानंही उतरतं. म्हणून त्या दोघींचं नक्की काय झालं ते मी इथून ठामपणं सांगत नाही. यापुढं एखादी गेली तर पुरायच्या आधी डॉक्टरांना बोलावून पोट आणि यकृत उघडून घे.

खांड ज्याच्या रानात बसवतोस, त्यालाही विचारात घे. आयव्हरमेक्टिन हे जंताचं औषध दिल्यावर ते लेंडीतून उतरतं आणि लेंडी मातीत नेणाऱ्या शेणकिड्यांच्या अळ्या मारतं. शेतकरी खतासाठीच आपल्याला रानात बसवून घेतो ना?

चिंचलीच्या बाजूला माझं पुढच्या आठवड्यात येणं आहे. हातमोजे आणि पिशव्या घेऊन येतो, सकाळी लवकर दोघं मिळून नमुने काढू. तोवर एकच कर. फिक्या पापणीच्या मेंढ्या हुडकून त्यांच्या पाठीवर रंगाची खूण कर, आणि कुणाची पापणी पांढरीफटक दिसली तर माझी वाट बघू नकोस, जनावरांच्या डॉक्टरांसाठीच्या १९६२ या नंबरला फोन लाव.

आप्पांना माझा नमस्कार सांग. वहिनींना सांग, भाकरी-ठेच्यावर माझं नाव घालून ठेवा.

तुझा मित्र