तुझ्या ‘नाही’ला उत्तर

प्रिय मित्रा,

तुझं पत्र मंगळवारी मिळालं. चारच ओळी. मंडळातली मुलं म्हणतात, घरूनच गा, आम्ही इंटरनेटवर लाइव्ह दाखवतो. तू नाही म्हणालास. समोर माणूसच नसेल तर मी कुणाकडे बघून गाऊ, असं विचारून खाली सही केलीस.

मी ते तीनदा वाचलं. तुझं काय चुकतंय हे सांगायला हे पत्र लिहीत नाही, कारण तुझा प्रश्न खरा आहे. तुझं गाणं मी विंगेत उभं राहून किती वर्षं ऐकलं! पद सुरू करण्याआधी तू पहिल्या तीन रांगांवरून नजर फिरवायचास. तिथे जे दिसेल त्यावर त्या दिवशीची लय ठरायची, आणि पेटीवाल्याला ती तू तोंड उघडायच्या आत कळायची. वन्समोअर आला की तेच पद तू दुसऱ्यांदा वेगळं गायचास. लोक तुला काहीतरी देत होते आणि तू ते परत करत होतास. फोनच्या काचेतून यातलं काय येणार, असं तुला वाटलं तर त्यात नवल नाही.

पण एक गोष्ट तुला कधी नीट सांगितली नाही, ती आज सांगतो. २७ एप्रिल २०२०, सोमवारची पहाट. न्यूयॉर्कमध्ये तेव्हा रविवारची रात्र होती. तिथले आठ म्हणजे आपल्याकडचे साडेपाच, म्हणून गजर लावून उठलो होतो. स्टीफन सॉन्डहाइम त्या २२ मार्चला नव्वद वर्षांचे झाले होते. ब्रॉडवेच्या, म्हणजे न्यूयॉर्कच्या, संगीत रंगभूमीवर त्यांच्याएवढी खोल गाणी लिहिणारा माणूस गेल्या अर्धशतकात झाला नाही, असं मी मानतो. वाढदिवसालाच त्यांच्या ‘कंपनी’ या नाटकाचा नवा प्रयोग उघडायचा होता आणि त्यात पॅटी लुपोन ही नटी काम करणार होती. रंगीत तालमींच्या पुढे जाऊन तिकीट लावून पूर्वप्रयोगही सुरू झाले होते. १२ मार्चला करोनामुळे राज्य सरकारचा हुकूम निघाला आणि संध्याकाळपासून ब्रॉडवेची सगळी नाट्यगृहं बंद झाली. एकूण एकेचाळीस.

मग ठरलं की सोहळा घराघरांतून करायचा. २६ एप्रिल हा दिवस निवडला, कारण १९७० साली त्याच तारखेला मूळ ‘कंपनी’ पहिल्यांदा उघडलं होतं. कार्यक्रमाचं नाव ‘टेक मी टू द वर्ल्ड’. गरीब मुलांपर्यंत कला पोहोचवणाऱ्या एका संस्थेसाठी निधी गोळा करायचा होता. ती संस्था काढणाऱ्या मेरी-मिचेल कॅम्पबेल याच संगीत दिग्दर्शक होत्या. निवेदनाची बाजू राउल एस्पार्झाकडे होती.

पहिला तास काय झालं ते ऐकून तुला तुझा ‘नाही’ बरोबर वाटेल, तरी सांगतो. काहीच झालं नाही. तांत्रिक बिघाडामुळे कार्यक्रम सुरूच होईना. तासाहून जास्त वेळ गेला. जगभरचे लोक पडद्यासमोर बसून होते, आणि विशेष म्हणजे उठून गेले नाहीत. नाटकाचा पडदा उशिरा उघडला तर प्रेक्षागृहात जी कुजबुज होते, तशीच कुजबुज पडद्याच्या कडेला अक्षरांत चालली होती. कोणी धीर देत होतं, कोणी जुन्या प्रयोगांच्या आठवणी काढत होतं. मी एकटाच होतो घरात, पण नाट्यगृहात बसल्यासारखं मला वाटलं ते त्या तासात. गाणं सुरू व्हायच्या आधीच.

आता तुझ्या धंद्यातली गोष्ट. नाव लाइव्ह असलं तरी गाणी प्रत्येकाने आपापल्या घरी आधी गाऊन ठेवलेली होती, आणि ते योग्यच होतं. दोन घरांतल्या दोघांना इंटरनेटवरून एका तालात गाताच येत नाही. आवाज हवेतून सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. म्हणजे दहा मीटरवरच्या वादकाचा ठोका आपल्या कानावर सेकंदाच्या चौतिसाव्या हिश्श्याने उशिरा येतो. तेवढं आपण सांभाळून घेतो, त्याच्या पलीकडे ताल सुटू लागतो. व्हिडिओ कॉलवर हाच उशीर त्याच्या कितीतरी पट असतो. समेवर टाळी दिलीस तर पलीकडच्याला ती सम टळून गेल्यावर ऐकू येणार. म्हणून सगळ्यांनी तेव्हा एकच वाट धरली. पियानोवाला आपल्या घरी साथ वाजवून पाठवतो, गाणारा ती एका कानात लावून गातो, आणि मागाहून कोणीतरी दोन्ही जुळवतं.

यात काय हरवतं ते मी तुला सांगायला नको. तू गाताना पेटीवाला तुझ्या मागून येतो. तू एखाद्या शब्दावर थांबलास तर तो थांबतो. इथे साथ आधीच वाजून गेलेली. ती थांबत नाही, श्वास घेत नाही, तूच तिच्या मागे जायचं. त्या रात्री कितीतरी चांगले गळे असे साथीच्या मागे जाताना ऐकू आले. गोड गायले, पण दोरीवरून चालताना जसा माणूस पायाकडेच बघतो तसं होत होतं. काहींनी यातूनही जागा काढली. मेरिल स्ट्रीप, क्रिस्टीन बरान्स्की आणि ऑड्रा मॅकडॉनल्ड तिघी तीन घरांत, अंगावर बाथरोब, हातात पेले, आणि ‘कंपनी’तलंच एक गाणं आळीपाळीने गात होत्या. त्यात इतका जीव होता की मी पहाटेचा मोठ्याने हसलो.

मँडी पटिंकिन मात्र साथ न घेताच आला. उघड्या आकाशाखाली उभा राहून नुसत्या गळ्याने गायला. सॉन्डहाइमच्याच ‘संडे इन द पार्क विथ जॉर्ज’मधलं ते छोटं एकट्याचं गाणं. १९८४ साली हे नाटक ब्रॉडवेवर आलं तेव्हा जॉर्ज तोच होता. नाटकात हा प्रसंग असा आहे की जॉर्ज एक जुनी वही घेऊन बसलाय. डॉटने, म्हणजे त्याच्या पणजीने, त्यातून अक्षरं गिरवलेली. तो वाचतो, स्वतःबद्दलच बोलू लागतो, एकटेपणाने भरून येतो, आणि तेवढ्यात शंभर वर्षांपूर्वीची डॉट त्याच्यासमोर येऊन उभी राहते. १९८४ मधली डॉट होती बर्नाडेट पीटर्स. त्या रात्री तो गायला आणि ती आली नाही. म्हणजे लगेच आली नाही. मधे पंधरा-वीस गाणी होऊन गेली. डॉट आणि जॉर्जचं द्वंद्वगीतही दुसऱ्याच जोडीने म्हटलं, २०१७ च्या प्रयोगातल्या. मला वाटलं, आता ती येत नाही.

ती शेवटी आली. सगळ्यांचं समूहगीत व्हायच्या आधी, एकटी. वय बहात्तर. लहानपणापासून लोकांपुढे असलेली बाई, ब्रॉडवेचे मानाचे दोन टोनी पुरस्कार मिळवलेली. दोन शब्द बोलली आणि गाऊ लागली. पियानो नाही, काही नाही.

गाणं होतं ‘नो वन इज अलोन’, म्हणजे ‘कुणीच एकटं नाही’, सॉन्डहाइमच्याच ‘इनटू द वुड्स’मधलं. १९८७ सालच्या त्या नाटकात बर्नाडेट चेटकीण होती, आणि हे गाणं चेटकिणीचं नाहीच. उत्तरार्धात राक्षसीण गावावर चालून येते, घरं चिरडली जातात, आणि वाचलेली माणसं चूक कुणाची यावर भांडत बसतात. चेटकीण त्या सगळ्यांना कंटाळते, शेवटचं झणझणीत गाणं गाते आणि त्यांच्या जगातून निघून जाते. ती गेल्यावर मागे उरतात दोन पोरं. दोघांच्याही आया गेलेल्या. त्यांना जवळ घेऊन सिंड्रेला आणि बेकर, म्हणजे गावातला पाववाला, जे गातात ते हे गाणं. पहिल्या प्रयोगांत बर्नाडेट तोवर विंगेत गेलेली असायची. पुढे मैफलींत तिने ते आपलं करून घेतलं हे खरं. पण त्या पहाटे मला ती चेटकीणच परत आलेली दिसली. माणसांना कंटाळून गेलेली, आणि आता पोरं एकटी पडली म्हणून मागे फिरलेली.

आणि मित्रा, ती कशी गायली! आवाज पूर्वीचा नव्हता. वरचे सूर जपून घेत होती, कडा किंचित फाटत होत्या. लपवायला साथ नव्हती. पण साथ नसल्यामुळेच ती कुणाच्या मागे जात नव्हती. शब्द सुचल्यावरच बोलावा तसा येत होता. एका ओळीनंतर तिने एवढा विराम घेतला की मला वाटलं, लाइन तुटली. तुटली नव्हती. ती विचार करत होती, नाटकातली बाई करते तसा, त्या पोराला पुढचं कसं सांगावं याचा. कोणताही पियानो तेवढा वेळ थांबला नसता. आधी वाजवून पाठवलेला तर नाहीच.

‘इनटू द वुड्स’ जिथे झालं त्या मार्टिन बेक नाट्यगृहात चौदाशेच्या आसपास खुर्च्या. तिथे हे गाणं शेवटच्या बाल्कनीपर्यंत न्यावं लागतं, त्यामुळे कितीही हळू म्हटलं तरी थोडं जाहीर होतंच. इथे तिने ते एकाच माणसापुरतं केलं. पडदाभर चेहरा, आणि आवाज शेजारच्या खोलीतल्या झोपलेल्या माणसाला जाग येऊ नये इतका. हजारो लोक ऐकत होते, पण ती हजारोंसाठी गायली नाही. तुझ्या प्रश्नाचं उत्तर मला तिथे सापडलं. ती त्या पोराकडे बघून गायली. आई गेलेल्या पोराकडे. ते तिच्यासमोर नव्हतंच, पण नाटकात तरी खरं कुठे असतं? तू पद म्हणताना नायिकेकडे बघतोस तेव्हा तुला पहिल्या तीन रांगा दिसतात हे मला माहीत आहे. पण नायिका दिसायचीही, आधी. तुझ्या सुरुवातीच्या वर्षांत तू रांगांकडे बघतच नव्हतास. मी साक्षीदार आहे.

त्या गाण्यानंतर टाळ्या नव्हत्या. मला ते सर्वांत जड गेलं, आणि ते भरून निघतं असं मी तुला खोटं सांगणार नाही. माझे हात वर आले आणि एकट्या खोलीत मला ते वाजवता येईनात. तिलाही त्या क्षणी काही परत मिळालं नसणार. एवढं तुझं बरोबर आहे.

पुढचं तुला माहीत आहे. ब्रॉडवे दीड वर्षाने, २०२१ च्या सप्टेंबरात, पुन्हा जोमाने सुरू झालं. सॉन्डहाइम नोव्हेंबरच्या मध्यात ‘कंपनी’च्या पूर्वप्रयोगाला जाऊन बसले, लोकांनी उभं राहून त्यांना मानवंदना दिली, आणि २६ तारखेला ते गेले. नाटक ९ डिसेंबरला रीतसर उघडलं. पॅटी लुपोनला त्यातल्या कामासाठी टोनी मिळालं. हीच पॅटी २०१५ मध्ये लिंकन सेंटरमध्ये प्रयोग चालू असताना प्रेक्षागृहात मेसेज पाठवत बसलेल्या बाईच्या हातून फोन काढून घेऊन गेली होती. तीही त्या एप्रिलमध्ये सॉन्डहाइमसाठी घरून कॅमेऱ्यापुढे गायली. फोनवरचा तिचा राग गेला असं मला वाटत नाही. माणूस मोठा होता आणि दुसरी वाट नव्हती, म्हणून गायली.

तुझ्याकडे दुसरी वाट आहे का? गुडघ्यांमुळे तुला आता जिना चढवत नाही. प्रयोगाला तुला उचलून न्यावं लागेल, ते तुला चालणार नाही आणि मी तसं सुचवणारही नाही. गळा मात्र आहे. गेल्या महिन्यात फोनवर बोलता बोलता तू दोन ओळी गुणगुणलास, तेव्हा मी ऐकला.

म्हणून, गायचं ठरवलंस तर एवढं कर. साथ आधी वाजवून घेण्याच्या फंदात पडू नकोस. पेटीवाला घरी येत असेल तर त्याच खोलीत बसव, नसेल तर तंबोऱ्यावर गा. मुलांना सांग, व्हिडिओ कॉलच्या ॲपमध्ये आवाज स्वच्छ करण्याची जी आपोआप सोय असते ती बंद करा आणि मूळ आवाज जसाच्या तसा जाऊ द्या. ती सोय बोलण्यासाठी बनवलेली असते, लांबवलेला सूर तिला पंख्याची घरघर वाटतो आणि ती तो कापून टाकते. तुझा तो पंचमावरचा ठेहराव मधेच गिळला गेला तर तू पुन्हा त्या वाटेला जाणार नाहीस. फोन तोंडापासून हातभर लांब, डोळ्यांच्या उंचीवर, कशाला तरी टेकवून ठेवायचा. पहिलं पद खालच्या पट्टीत घे. इथे शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचायचं नाही.

आणि शेवटी टाळ्या ऐकू येणार नाहीत, हे आधीच धरून चाल. त्याची एकच तजवीज माझ्याकडे आहे. मी त्या दिवशी तुझ्या घरी येईन. कॅमेऱ्यात दिसणार नाही असा, विंगेत उभा राहायचो तसा, दाराशी बसेन. बघायला माणूस हवा असेल तर माझ्याकडे बघ. नको असेल तर नायिकेकडे बघ.

रविवारी रात्री फोन करतो. उचल.

तुझाच